तीन ठोके

लालबागमध्ये थंडी अंगाला कळत नाही. ज्यांना स्वेटर घालायची हौस असते ते घालून घेतात आणि दुपारपर्यंत घामाघूम होतात, तो भाग वेगळा. मला थंडी कळते ती मैदानावरून. डिसेंबर लागला की आमच्या खिडकीखालच्या मैदानात बांबूंचा ट्रक येतो, बांबू धडाधड खाली पडतात, दोन दिवसांत मंडप उभा राहतो आणि कुणीतरी माइकला तोंड लावून हॅलो हॅलो करायला लागतो. आधी कबड्डी, मग कॅरम, मग शरीरसौष्ठव आणि जानेवारीत बॉक्सिंग. स्पर्धांचा मोसम आला, की लाल गाजरं आणि मटारच्या शेंगा यायच्या आधीच मला कळतं की वर्ष फिरलं.

यंदा त्यात एक भर पडली आहे. मैदानापलीकडच्या गिरणीच्या जागेवर टॉवर उठतोय आणि सकाळी आठपासून तिथं पायलिंग चालतं, पायाचे खांब जमिनीत ठोकतात. धप्प. मग थोडं थांबून पुन्हा धप्प. प्रत्येक वेळी मांडणीवरचे पेले किणकिणतात आणि तळपायांना जमीन हलल्यासारखी वाटते. चाळीतली माणसं वैतागली आहेत, वॉर्ड ऑफिसात अर्जही देऊन झाले. मी मात्र तक्रारीवर सही केली नाही. मी गॅलरीत बसून ठोके मोजतो. एक, दोन, तीन. तिसऱ्याला हातातला चहाचा कप अधांतरीच थांबतो आणि मला दीक्षा आठवते. आठवते म्हणणंही लबाडीचंच आहे, कारण ती आमच्याच मजल्यावर तीन दारं सोडून राहते.

मी बॉक्सर नव्हतो. दोन वर्षं हौस केली, नाक फोडून घेतलं आणि घड्याळाकडे वळलो. आमच्या व्यायामशाळेच्या लढतींत वेळ धरायचं काम माझ्याकडे आलं ते अठ्ठावीस वर्षं राहिलं. काम सोपं असतं. डाव्या हातात स्टॉपवॉच, उजव्या हाताशी लाकडी मोगरी, समोर पितळी घंटा. तीन मिनिटांचा राउंड. शेवटचे दहा सेकंद उरले, की मोगरीने रिंगच्या फळीवर तीन ठोके द्यायचे, म्हणजे लढणाऱ्यांना कळतं की आता थोडंच राहिलंय, उरलेला दम काढा. मग दहा सेकंदांनी घंटा. घड्याळ चुकेल पण हा चुकणार नाही, असं माझ्याबद्दल म्हणायचे, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

ठोक्यांशी माझी ओळख मात्र त्याआधीची. मी माझगावच्या गोदीत फिटर होतो. जहाजाच्या तळाशी टाक्या असतात, माणूस जेमतेम वाकून आत शिरेल एवढ्या. आत एकजण ग्राइंडर चालवतोय, बाहेर दहा हातोडे पडतायत, तिथं कुणाची हाक कुणाला ऐकू जाणार? म्हणून बाहेरचा माणूस पत्र्यावर ठोके द्यायचा आणि आतल्याला ते कानाने नाही, तर तळव्यांनी आणि गुडघ्यांनी कळायचे. एक म्हणजे ठीक आहेस का. दोन म्हणजे हवा वाढवू का. तीन म्हणजे हातातलं टाक आणि बाहेर ये. तीन ठोके पडले की प्रश्न विचारायचे नाहीत, काम अर्धं असो नाहीतर पाव, बाहेर यायचं. आमच्या वर्कशॉपमधल्या निम्म्या माणसांना पन्नाशीपर्यंत धड ऐकू येत नसे, माझा उजवा कान तर तिथंच गेला. तुम्हाला ऐकू येत नाही, उद्यापासून कामावर येऊ नका, असं आम्हाला कधी कुणी म्हटलं नाही.

दीक्षा जन्मापासून बहिरी. तिची आई हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला, वडील ती लहान असतानाच गेले. शाळेतून आली की पोर एकटी असायची, म्हणून आमच्या घरी बसायची. तिला दार वाजलेलं ऐकू यायचं नाही, पण कोण आलंय ते दार उघडायच्या आधी तिला कळायचं. अनवाणी बसलेली असायची, एकदम मान वर करायची आणि खुणेने सांगायची: आई. दुसऱ्या वेळी: दूधवाला. चाळीच्या लाकडी जमिनीवरून येणारी प्रत्येकाची चाल तिच्या पायांना पाठ होती. आम्ही तिची परीक्षा घ्यायचो, उगाच दुसऱ्यासारखं चालत यायचो, पण ती फसली नाही.

व्यायामशाळेत तिला मीच घेऊन गेलो. तिथले पीटर सर माझगावचेच, साठी उलटलेले, बॉक्सिंग शिकवण्यात सगळं आयुष्य घातलेले. त्यांनी तिला आठवडाभर नुसतं पाहिलं आणि मला म्हणाले, “हिला समोरच्याचा खांदा हलायच्या आधी कळतो रे. बाकीच्या पोरी ऐकतात जास्त, बघतात कमी.” पंधराव्या वर्षी ती सुरू झाली आणि एकोणिसाव्या वर्षी तिच्या वजनगटात व्यायामशाळेतली कुठलीही मुलगी तिच्यासमोर तीन राउंड उभी राहीना. थंडीच्या त्या दिवसांत ग्लोव्हजखाली हाताला बांधायच्या तिच्या पट्ट्या धुऊन गॅलरीच्या दोरीवर वाळत असायच्या. पिवळट, लांबच लांब, आमच्या दारापर्यंत यायच्या. मी वाकून त्यांच्याखालून जायचो आणि रोज चिडायचो. आता दोरी मोकळी असते.

अडचण एकच होती, घंटा. राउंड संपला हे तिला कसं कळणार? पीटर सरांनी आधी टॉवेल हलवून पाहिला, पण लढताना टॉवेल कोण बघतं? मी म्हटलं, सोपं आहे, आमच्या गोदीसारखं करू. घंटेबरोबर मी फळीवर तीन ठोके देणार. तिला ते पायांतून कळणार. तीन म्हणजे संपलं, हात खाली, आपल्या कोपऱ्यात. सरांनी लगेच शंका काढली, की दहा सेकंदांचेही तीनच असतात. मी म्हटलं, ती रिंगमध्ये असेल तेव्हा दहा सेकंदांचे द्यायचेच नाहीत, झालं.

चार ठरवता आले असते. पाच ठरवता आले असते. या गोष्टीवर मी इतका विचार केलाय की आता तो विचार झिजून गुळगुळीत झालाय. पण तीन म्हणजे बाहेर ये, हे माझ्या हाडात होतं आणि दुसरा आकडा मनाला शिवलाही नाही. दीक्षाला ते एका दिवसात जमलं. तिने माझ्यासाठी खूणही तीच केली. बहिऱ्या माणसांत प्रत्येकाला एक खुणेचं नाव असतं. माझं नाव म्हणजे मूठ तळहातावर तीनदा आपटायची.

जिल्ह्याच्या निवड स्पर्धेला तिचं नाव द्यायचं ठरलं आणि तिथून कागदांची लढाई सुरू झाली. बहिऱ्यांसाठी जगभरच्या वेगळ्या स्पर्धा असतात, त्यांत कुस्ती आहे, ज्युदो आहे. बॉक्सिंग मात्र नाही, असं आम्हाला सांगण्यात आलं. म्हणजे खेळायचं तर ऐकणाऱ्या मुलींबरोबरच खेळायला हवं. वैद्यकीय फॉर्मवर ऐकू येतं का असा रकाना होता आणि तिथं ‘नाही’ लिहिलं की फॉर्म बाजूला पडायचा. डॉक्टर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, घंटा झाल्यावर ही मारत राहिली तर? रेफ्रीने थांब म्हटलं आणि हिला कळलं नाही तर? समोरच्या मुलीची जबाबदारी कोणाची? पीटर सरांनी सांगितलं की रेफ्री दोघींमध्ये हात घालतो, ते तिला दिसतं. मी सांगितलं की घंटेची काळजी नको, वेळ मी धरणार आहे.

तीन वेळा गेलो तेव्हा एका लढतीपुरती परवानगी मिळाली. आता मागे वळून पाहताना एक गोष्ट दिसते. तिथं बसलेल्या सगळ्यांना भीती होती ती ही पोर उशिरा थांबेल याची. ती लवकर थांबली तर काय, हे कुणाच्या मनातच आलं नाही, माझ्याही नाही. तिच्या आईने संमतीच्या कागदावर सही करताना मला एवढंच विचारलं, “तुमी आसात मा थंय? मगे माका भिती नाय.”

ती संध्याकाळ परळच्या मैदानातली. नव्या काथ्याचा आणि व्हॅसलीनचा वास मारणारी हवा, मंडपाच्या कापडातून लालसर झालेलं ऊन, खुर्च्यांवर चाळीतली निम्मी माणसं. दीक्षाची आई दुकानातून लवकर निघून आलेली, पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. दीक्षाने कानातलं यंत्र काढून तिच्याकडे दिलं, ते तसंही तिला फारसं उपयोगी नव्हतं. रिंगमध्ये शिरताना तिने माझ्याकडे पाहून मूठ तळहातावर तीनदा आपटली. मी मान हलवली.

पहिला राउंड स्वच्छ तिचा झाला. मी घंटा दिली, तीन ठोके दिले, तिचे हात तिथल्या तिथे खाली आले आणि मंडपातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या मला माझ्यासाठीही वाटल्या, हे कबूल करतो. दुसऱ्या राउंडला तर ती समोरच्या मुलीला कोपऱ्यात घेऊन गेली. लोक उभे राहिले. मीही अर्धा उभा राहिलो, नजर तिच्यावर, आणि घड्याळ डाव्या हातात. दोन मिनिटं पन्नास सेकंद झाले आणि माझा उजवा हात खाली गेला.

मी तो नेला नाही, तो गेला. अठ्ठावीस वर्षं जात होता तसाच. एक, दोन, तीन. मोगरी फळीवर पडल्याचं मला तिसऱ्या ठोक्याला कळलं आणि तोवर दीक्षाचे हात खाली आले होते. ती वळलीही होती, आपल्या कोपऱ्याकडे निघालेली. समोरच्या मुलीला ऐकू येत होतं. तिच्या हिशेबी दहा सेकंद उरले होते आणि दहा सेकंदांत जे करायचं असतं ते तिने केलं. तिचा दोष नव्हता. तो गुद्दा डाव्या डोळ्यावर बसला, उघड्या चेहऱ्यावर, पूर्ण ताकदीने.

दीक्षा पडली तेव्हा मंडपात अचानक शांतता झाली आणि त्या शांततेत मी घंटा वाजवली. कारण वेळ झाली होती.

नंतर सगळे एकच बोलत होते, की घंटा झाली नव्हती, मग ही थांबली का? ते ठोके सगळ्यांच्या कानांवर पडले होते आणि कुणीच ऐकले नव्हते. रोजच्या आवाजाचं तसंच असतं. दुसऱ्या मुलीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण तिला कुणी विचारलं नाही. पीटर सर रिंगमधून खाली उतरले आणि माझ्या टेबलाशी आले. “बेल दिली होती का रे तू?” मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. त्यांनी मोगरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. तो विचारला असता तर कदाचित मी बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो. खोटं सांगत आलो.

अहवालात लिहिलं गेलं की खेळाडूचा राउंड संपल्याचा गैरसमज झाला, कारण श्रवणदोष. खाली वेळाधिकारी म्हणून माझी सही आहे. अक्षर छान आहे.

डोळ्याचा पडदा सरकला होता. ऑपरेशन झालं, दुसरं झालं, आणि मग डॉक्टरांनी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं की या डोळ्याने आता उजेड-अंधार तेवढा कळेल. ज्या माणसाचे कान म्हणजे डोळेच, त्याचा एक डोळा जाणं म्हणजे काय, हे मला तिथं व्हरांड्यात उभं राहून समजत होतं. मी आत गेलो. अर्धा चेहरा पट्टीत, उजवा डोळा माझ्यावर. तिने चादरीतून हात काढला, तीन बोटं दाखवली आणि भुवई उंचावली. तीन होते ना?

मी मान हलवली. नाही.

ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं पाप आहे. हाताने केलेली चूक ही चूक होती, कुणाच्याही हातून झाली असती. पण ही मान मी हलवली, विचार करून हलवली. तिने बोटं मिटली आणि हात पुन्हा चादरीत घेतला.

त्यानंतरचे हिवाळे मी खिडकीतून पाहिले. स्पर्धेचं बोलावणं दर वर्षी येतं, दर वर्षी मी गुडघ्याचं कारण सांगतो. पीटर सर मुलीकडे वसईला राहायला गेले, जाताना मोगरी माझ्याकडे ठेवून गेले. का ठेवली ते बोलले नाहीत. दीक्षा घरी आली आणि बदलली. कोण आलंय ते दार उघडायच्या आधी सांगायचं तिने सोडून दिलं. गॅलरीतून कुणीही गेलं की ती दचकून वळायची, आधी उजवीकडे, मग सगळं अंग फिरवून डावीकडे. घरातही चपला घालायला लागली. तिची आई मला म्हणाली, आता ही पायांवर विश्वासच ठेवत नाही, रस्ता ओलांडताना माझा हात धरते. त्या माऊलीने मला एकदाही दूषण दिलं नाही. सणाला काही गोडधोड केलं की आधी आमच्या घरी वाटी यायची आणि ती रिकामी करून परत देताना मला मान वर करता येत नसे.

गेल्या वर्षी दीक्षा बहिऱ्या मुलांच्या एका शाळेत खेळाची मदतनीस म्हणून लागली. तिथल्या एका मुलीला ती आमच्या व्यायामशाळेत आणून शिकवते, हे मला खालच्या वाण्याकडून कळलं. मला कुणी सांगायला आलं नव्हतं, आणि का यावं?

गेल्या आठवड्यात ती आली. दुपारी बाराच्या सुमारास, एकटी. मी खुर्ची दिली. पायलिंग चालू होतं, पेले किणकिणत होते. तिने एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. ती शिकवते त्या मुलीचा अर्ज नाकारला होता. पूर्वीच्या घटनेचा अनुभव पाहता श्रवणदोष असलेल्या खेळाडूस परवानगी देणं धोक्याचं आहे, अशा मजकुराचं. पूर्वीची घटना म्हणजे माझी सही. मी पत्र दोनदा वाचलं, कारण मान वर करायची नव्हती. मग तिने फोनवर काहीतरी लिहून तो माझ्यासमोर धरला.

“काका, मी तिला ठोके शिकवते. तिला बरोबर कळतात. मलाही कळतात. एकदाही चुकले नाही. त्या दिवशी किती होते?”

मी तीन बोटं वर केली.

चारएक वर्षं ज्या प्रश्नावर ती बसून होती त्याचं उत्तर तिने नुसतं पाहून घेतलं. मग पुन्हा लिहिलं. “मला वाटलं माझे पाय खोटं बोलले.” हे वाचून मी रडलो. एक्काहत्तर वर्षांचा माणूस, तिच्यासमोर, अगदी हुंदके देऊन. तिने मला थोपवलं नाही आणि जवळही आली नाही. माफी मागितली ती मी खुणेने मागितली, कान धरून, तिच्या लहानपणी तिला चिडवल्यावर धरायचो तसे. तिने ते पाहिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि तो तिचा हक्क आहे.

मग मी कागद घेतला आणि जे झालं ते लिहिलं. दहा सेकंदांचे ठोके देणार नाही असं ठरलं होतं, मी ते दिले, खेळाडूने ठरल्याप्रमाणे हात खाली केले. चूक वेळाधिकाऱ्याची, श्रवणदोषाचा संबंध नाही. खाली सही केली. या वेळी अक्षर वाकडंतिकडं आलं. तिने ते शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवलं. त्याचा काही उपयोग होईल की नाही, मला माहीत नाही. लोकांना जे आधीच खरं वाटत असतं ते खोडायला एक कागद पुरत नाही. आणि डोळा तर कशानेच परत येणार नाही.

ती जाईल असं वाटलं होतं, पण गेली नाही. तिची नजर मांडणीवरच्या मोगरीवर होती. एक वाजता पायलिंगवाले जेवायला थांबतात. ते थांबले, पेले स्थिर झाले, तेव्हा ती उठली. तिने चपला काढल्या, खोलीच्या मध्यभागी जाऊन माझ्याकडे पाठ केली आणि गार्ड घेतला. दोन्ही मुठी हनुवटीशी, कोपरं अंगाशी, पीटर सर शिकवायचे तसाच. मला काय करायचं ते कळलं, मी मोगरी उचलली. गुडघे आवाज करत होते, तरी खाली बसलो.

बराच वेळ मला हात उचलवेना. ती हलली नाही, वळून पाहिलं नाही. शेवटी मी जमिनीच्या जुन्या लाकडी फळीवर तीन ठोके दिले.

तिसऱ्या ठोक्याला तिचे हात खाली आले. त्या दिवशीही ते वेळेवरच खाली आले होते.